कडीमागचं व्याख्यान

निवृत्त मास्तर बाथरूममध्ये अडकले, तेव्हा वाचनालयातलं त्यांचं व्याख्यान तासाभरावर आलं होतं. विषय होता, एकाच पोटात दोन उलटे अर्थ बाळगणारे इंग्रजी शब्द. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी त्यांना आपणहून बोलायला बोलावलं होतं, त्यामुळे स्वारी महिनाभर हवेत होती. घरात मात्र ‘डस्ट’ म्हणजे धूळ झटकणंही आणि भुरभुरणंही, असं त्यांनी सुरू केलं की सगळ्यांना एकदम कामं आठवत. म्हणून त्यांनी नियमच केला होता. असा शब्द कानावर पडला की आधी अर्थ विचारायचा, मगच हात हलवायचा.

"अगं सूनबाई, बोल्ट अडकलाय! सुताराला फोन कर, फास्ट!"

सून धावत आली आणि दाराशी थबकली.

"बाबा, बोल्ट म्हणजे जागेवर घट्ट बसायचं की धूम ठोकायची? आणि फास्ट म्हणजे जाम की जलद?"

"आत्ता कसली परीक्षा घेतेस!"

"नियम तुमचाच. काल न विचारता डस्टिंग केलं, तर जेवण होईपर्यंत ऐकवलंत."

"जलद गं बाई, जलद!"

"राहू दे थोडा वेळ आत," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आरशासमोर तालीम तरी होईल."

सुतार म्हणाला, हातातलं काम उरकून येतो. त्याची वाट पाहता पाहता व्याख्यानाची वेळ झाली आणि वाचनालयाच्या सचिवांचा फोन आला. घाईत सून एवढंच बोलली, "बाबांनी आतून कडी लावलीय. बाहेर येत नाहीत." सचिवांना लगेच कार्यक्रमाची पत्रिका आठवली. पत्रिकेत मास्तरांचं नाव बारीक छापलं होतं, त्यावरून स्वारी रुसली असणार! ते जमलेले सगळे श्रोते घेऊनच घरी आले.

"मास्तर, चूक आमची. राग सोडा, बाहेर या!"

"रागावलो नाही हो, अडकलोय! आणि टॉवेलवर आहे!"

"मग तिथूनच बोला की," सासूबाई म्हणाल्या. "चहा ठेवतेय सगळ्यांना."

मास्तर घसा खाकरून बोलू लागले. बाथरूममुळे आवाजाला असा काही भारदस्तपणा आला, की सचिवही सावरून बसले. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही, यावर पहिला हशा पिकला. कोण जांभई देतंय ते मास्तरांना दिसत नव्हतं, त्यामुळे ते रंगतच गेले. सून पालथ्या बादलीवर बसली होती आणि तिला एकही काम आठवत नव्हतं.

ऐन रंगात सुतार आला. गर्दीतून वाट काढत त्याने पटाशी घातली, हिसका दिला आणि दार उघडलं. समोर मास्तर, कमरेला टॉवेल, हातात माइकसारखी धरलेली शाम्पूची बाटली.

"लाव, लाव ते दार! अजून दोन शब्द राहिलेत!"

सुताराने मुकाट्याने दार ओढून घेतलं. आतले दोन शब्द संपायला बाहेरच्या चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

सगळे गेल्यावर सुताराने विचारलं, "काका, नवी कडी बसवून टाकू ना?"

मास्तर केस विंचरत होते. त्यांनी हळूच सुनेकडे पाहिलं. ती अजून बादलीवरच होती.

"बसव," ते म्हणाले. "पण अशीच आण. अधूनमधून अडकणारी."