न पडणारे गजभिये

आमच्या वरच्या मजल्यावरचे गजभिये बसमध्ये दांडा धरत नाहीत. मनीषनगर ते बर्डी ते पाय फाकवून, गुडघे वाकवून, मुठी कमरेशी आवळून उभे असतात. याला ते घोडा बैठक म्हणतात. "पायाले मुळं फुटली पाहिजे, भाऊ. मुळं फुटलेला माणूस पडत नाही." एकदा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि गजभिये मुळांसकट एका भाजीवाल्या बाईंच्या सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, टोपलीत जाऊन बसले. उठून पानं झटकत मला म्हणाले, "पाह्यलं? मी नसतो तर गाडी आणखी पुढे गेली असती."

गजभिये उमरेडच्या कोळसा खाणीत स्टोअरकीपर होते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आई, आणि आई गेल्यावर कुंग-फू. ही विद्या त्यांनी तरुणपणी पोस्टानं मिळवली. चोवीस पुस्तिकांचा कोर्स होता, पण त्यांना तेवीसच मिळाल्या. सतरावी वाटेत कुठे तरी गहाळ झाली. बाकीच्या तेवीस तोंडपाठ आहेत आणि त्यातलं रोज पहाटे करतात, म्हणून माझ्या चहात छताचा गिलावा पडतो. तक्रार केली तर म्हणतात, "गिलावा कच्चा हाये. आपली विद्या पक्की हाये."

विद्या चिनी असली तरी "आपली" असते. कारण ती आपल्याकडच्या भिक्खूंनी तिकडे नेली, असा त्यांचा दावा. "आपणच देल्ली आणि आपणच इसरलो. आता पोस्टानं वापस मागवा लागते."

बागेत त्यांचा सकाळचा वर्ग चाले. एकूण विद्यार्थी चार. मी त्यात नव्हतो; माझे गुडघे माझ्याशी आधीच बोलत नाहीत. एका विद्यार्थ्यानं एकदा विचारलं, "सर, समोरच्यानं पाय धरून खाली पाडलं तर?" गजभिये म्हणाले, "ते सतराव्या पुस्तिकेत हाये." गळा धरला तर? तेही सतराव्यात. पाठीवर बसला तर? त्याच पुस्तिकेत, पुढच्या पानावर. जी पुस्तिका त्यांनी कधी पाहिलीच नाही, तिच्याइतकी ज्ञानानं भरलेली दुसरी पुस्तिका नाही.

हे असंच सुखात चाललं असतं. पण समोरच्या हार्डवेअरच्या दुकानावर नवा व्यायामवर्ग निघाला. तिथे पोरं गादीवर एकमेकांना पाडतात, धरून ठेवतात, हातपाय पिरगाळतात. नाव परदेशी, पण आपल्या कुस्तीच्या घरातलंच वाटावं असं प्रकरण. चालवणारा संकेत ढोके, जेमतेम पंचविशीचा. गजभियेंनी खिडकीतून एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "लोळणं बी काही विद्या हाये का गा? लोळते त म्हैसबी."

पंधरा दिवसांत चारातले दोन विद्यार्थी तिकडे लोळायला गेले.

गजभियेंना ते फार लागलं. चार माणसांसाठी ते पहाटे इस्त्रीचा सदरा घालत. वर्ग संपला की बागेतल्या बाकावर चहा होई, आणि दिवसभरात ते बोलत ते बहुतेक तेवढंच. त्यांनी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं : रविवारी संकेतशी सामना. पडलो तर वर्ग बंद.

मी समजवायला वर गेलो. "काहून हट्ट करून राहिले? वय काय तुमचं?"

"मुळाले वय नसते, भाऊ."

रविवारी आम्ही दहा-बारा जण संकेतच्या वर्गात जमलो. संकेतनं आधी वाकून नमस्कार केला. "काका, हळू करू?"

"हळू काहून? जसं येते तसं कर."

गजभिये घोडा बैठकीत शिरले. हात हवेत असे फिरू लागले की दोन मिनिटं कुणाला काही कळेना. संकेत शांतपणे वाकला, पाय धरले आणि संपलं. गजभिये गादीवर उताणे, संकेत त्यांच्या छातीवर आडवा. हरलो असं सांगायला गादीवर हातानं थाप मारायची असते. तेवीस पुस्तिकांत शरण कसं जायचं ते नव्हतं.

"काका, थाप मारा."

"थांब गा जरा."

आम्हाला वाटलं, डोक्यात काही डाव शिजतोय. गजभिये डोळे मिटून पडले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी थाप मारली. उठले, सदरा नीट केला आणि कुणाशी न बोलता घरी गेले.

सोमवारी बाग रिकामी. मंगळवारी कळलं, गजभियेंनी संकेतकडे नाव घातलं. मी त्यांना जिन्यात गाठलंच. "हे काय?"

"संशोधन चालू हाये," ते म्हणाले. "तोड काढून राहिलो."

तीन महिने तोड निघाली नाही. गजभिये रोज जात, रोज पडत. मी त्यावर दोन-चार विनोद तयार केले आणि ते सगळ्या इमारतीत फिरले. परवा संकेत टपरीवर भेटला, तेव्हा त्यातला ताजा त्यालाही ऐकवला. तो हसला नाही.

"काका, त्याईले सुटता येते. पह्यल्या आठवड्यातच शिकले. माह्या पोट्ट्याईपेक्षा चांगलं सुटते."

"मग सुटत का नाहीत?"

त्यानं कप टपरीच्या फळीवर ठेवला. "मी बी इचारलं एकदा. म्हणे, माय गेल्यापासून मले कोणी धरलंच नाही गा. डॉक्टर नाडी पाह्यते तेवढंच."

मला माझी लाज वाटली. बारा वर्षं मी या माणसाच्या बरोबर खाली राहतो. त्यांच्या पायांचा आवाज ऐकून घड्याळ लावतो, आणि त्यांच्या पाठीवर एकदाही हात ठेवलेला नाही.

"मग तू काय करतोस?" मी विचारलं.

"काही नाही ना. दुसऱ्याईले मी एक मिनिट दाबून ठेवतो. त्याईले पाच."