मनोहररावांच्या कण्याची देखरेख समिती

माणसाचा कणा ही त्याची खाजगी मालमत्ता आहे, असा एक गैरसमज समाजात पसरलेला आहे. साठीपर्यंत तो खपूनही जातो. पण एकदा कण्याचं ऑपरेशन झालं की मालकी कुटुंब, सोयरे आणि शेजारी यांच्याकडे संयुक्तपणे जाते. ज्याच्या पाठीत तो असतो, त्याच्याकडे फक्त वाहतुकीचं काम उरतं (तेही परवानगीने).

नागपूरचे मनोहरराव, वय एकाहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांच्या कमरेतली दबलेली नस मोकळी करण्यात आली. ऑपरेशन इतकं चांगलं झालं की भेटायला येणाऱ्यांची जरा निराशाच झाली. महिन्याभरात त्रेसष्ट माणसं आली. एकसष्ट जणांनी सल्ला दिला. सत्तावन्न जणांना असं ऑपरेशन करून कायमचा अंथरुणाला खिळलेला एक गृहस्थ ठाऊक होता (चौकशीअंती तो सगळ्यांचा एकच निघाला, आणि सध्या तो रोज पोहायला जातो). उरलेले दोघे न बोलता केळी ठेवून गेले. मनोहरराव अजून त्यांचं नाव काढतात.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता सगळं करा. झटक्यानं वाकू नका, जड उचलू नका. पण नुसतं बसून राहणं बंद." रिक्षा घरी पोचेपर्यंत या वैद्यकीय मतातलं "वाकू नका" तेवढं शिल्लक राहिलं.

घरात समिती कार्यरत होतीच. अध्यक्ष पत्नी सिंधूताई, सचिव मुलगा रोहित, कायम निमंत्रित शेजारच्या शोभाताई. नियम साधे होते. पाण्याचा तांब्या मागून घ्यावा. चप्पल पलंगाखाली गेल्यास ती गेली असं समजावं. शिंक येणार असल्यास आधी कळवावं.

हे सगळं मनोहररावांनी सोसलं, कारण त्यांचं लक्ष पौषाकडे होतं. कळमेश्वरजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत दरवर्षी रोडग्यांचं जेवण असतं. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, पंगतीला दीडशे माणूस. गेली तीस वर्षं ती कणीक मनोहरराव तिंबत आले होते. खात्यात त्यांना कोणी फारसं विचारलं नाही, पण त्या परातीपुढे तहसीलदारही त्यांना "काका, झालं का जी?" असं अदबीनं विचारी. भूल चढताना देवाचं नाव घ्यायचं सोडून त्यांना कणीकच आठवली होती.

"यंदा कणीक रोहित भिजवीन," सिंधूताईंनी जाहीर केलं.

"मंग ऑपरेशन कायले केलं मी?" मनोहरराव म्हणाले. "झोपून तर आधीबी राहत होतो."

प्रश्न रास्त असल्यामुळे समितीने तो घेतला नाही. आपल्याकडे एखाद्याचं काम काढून घ्यायचं असलं की त्याचा अपमान करत नाहीत, सत्कार करतात. मनोहररावांची "मार्गदर्शक" पदावर बढती झाली. बागेत त्यांना शाल, श्रीफळ आणि हाताची खुर्ची मिळाली. येणारा जाणारा पाया पडू लागला. म्हणजे दीडशे माणसं वाकत होती आणि वाकायची बंदी एकट्या मनोहररावांना होती.

तिकडे रोहितने मोबाइलवर बघून कणीक भिजवली. पहिल्या घाण्यातले रोडगे वरून कोळसा, आतून पीठ. खात्रीसाठी एक कुत्र्यापुढे ठेवला. त्यानं हुंगला आणि तो दुसऱ्याच्या शेतात निघून गेला.

मनोहररावांनी शाल काढली.

"बाबा, कायले उठून राहिले जी?" रोहित म्हणाला.

"मार्गदर्शन करून राहिलो," म्हणत त्यांनी पाट ओढला, कंबर ताठ ठेवली आणि गुडघ्यात हळूहळू खाली गेले. पंगतीचा श्वास अडकला. कट्ट असा आवाजही आला. पण तो गुडघ्याचा होता, आणि गुडघा समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

"उठा जी," सिंधूताई धावत आल्या. "लोक काय म्हणतीन?"

"भुके लोक जेवाले मागतीन. तू मीठ दे वं."

सिंधूताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. सहा महिन्यांत नवऱ्याचा चेहरा असा फुललेला त्यांनी बघितला नव्हता. त्यांनी मीठ दिलं. दोन परातींची कणीक झाली, पंगत उठली, आणि मनोहरराव इतके खुशीत होते की शोभाताईंशीही गोड बोलले. उठताना त्यांनी रोहितच्या खांद्याला हात लावला (आधारासाठी नव्हे, कणीक पुसायला).

त्याच दिवशी समितीने नोंद केली की वाकण्याचा कार्यक्रम समितीच्या देखरेखीखाली सुरळीत पार पडला असून पुढल्या वर्षी काळजी म्हणून दोन खुर्च्या ठेवाव्यात.

आता वाचकांसाठी एक सूचना. मनोहरराव पाटावर बसत होते तेव्हा तुमच्याही मनात "अहो, जपून, या वयात कशाला?" असं आलंच असेल. आलं असल्यास अभिनंदन, समितीवर तुमची नेमणूक झालेली आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वेगळं कळवण्याची गरज नाही. त्याला ही नेमणूक केव्हाच माहीत आहे.