फरशीने दिलेला शब्द

आमच्या चाचणीच्या मैदानावर बंदुकीतून सुटलेली गोळी बुलेटप्रूफ जॅकेटसमोर वीतभर अंतरावर थांबते आणि आतल्या सिरॅमिकच्या फरशीशी बोलून घेते. दोघींनीही फुटायचं, असा नियम आहे. फरशी फुटता फुटता गोळीचा भुगा करते आणि मागचं कापडी अस्तर सगळे तुकडे झेलतं. हे बोलणं सहसा चटकन आटपतं.

त्या दिवशी ते आटपेना. जॅकेट घालून इंदूताई घोसाळकर उभ्या होत्या. ज्याने भट्टीतून फरशा काढल्या त्यानेच पहिली अंगावर घालून दाखवायची, ही आमच्याकडची पद्धत.

"मी फुटणार नाही," फरशी म्हणाली.

"मग मी एकटीच का फुटू?" गोळी म्हणाली. "तुला अख्खीच्या अख्खी रेटत आत जाईन."

गोळीला फार वेळ ताटकळत ठेवता येत नाही. धीर सुटला की ती निघते. ती थरथरायला लागली होती. मी फरशीला अदबीने कारण विचारलं.

"बाईंना शब्द दिलाय."

इंदूताईंचा चेहरा पडला. "मागच्या खेपेला निम्म्या फरशा भट्टीतच तडकल्या हो, साहेब. म्हणून या वेळी एकेकीला हातात घेऊन सांगितलं, फुटू नको गं बाळा."

"अहो, फुटायलाच तर केलीय तिला!" मी ओरडलो. राग आला होता आणि भीतीही तेवढीच वाटत होती. "तिला त्या शब्दातून मोकळं करा. लवकर!"

ताईंनी जॅकेटची कड चाचपली. इतक्या मायेने सांगितलेलं उलटं कसं सांगायचं? गोळी चार बोटं पुढे सरकली.

ताईंनी मान खाली घातली. "फूट, बाळा."

एकच आवाज झाला. फरशीचा चुरा झाला, गोळीचाही, आणि अस्तराने दोन्ही झेललं. ताई मागे कोलमडल्या, मग उठून बसल्या. छाती चोळत त्यांनी विचारलं, "बाकीच्या कुठायत?"

मागणी निकडीची होती, म्हणून चाचणीची वाट न पाहता बाकीच्या आदल्याच दिवशी सरहद्दीवरच्या चौकीत गेल्या होत्या. जवानांच्या अंगावर चढल्याही असतील.

मी चौकीला फोन लावून सगळं रीतसर सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून ताईंपुढे धरला. पलीकडच्या जवानाने एकही शंका काढली नाही.

"बाकीचे माझ्यामागे रांगेत उभे आहेत," तो म्हणाला. "फोन छातीला लावलाय, ताई. बोला."