सतरा डिग्रीची लवंगी

मे महिन्यात, भर दुपारी, डोंबिवलीत कोणी दार उघडलं आणि त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्याला मफलर आणि डोक्याला कानटोपी असेल, तर आपण काय विचारू? "ताप आहे का?" मीही तेच विचारलं. देवस्थळी म्हणाले, "नाही हो पाध्येबाई, सतरा," आणि दार लावून घेतलं. तेवढ्यात आतून जी गार झुळूक पायांवर आली, तिने मला दाराबाहेर दोन मिनिटं खिळवून ठेवलं.

देवस्थळी आमच्या समोरच्या दारात राहतात. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमची सोसायटी आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर. त्यांची सगळी नोकरी कोल्ड स्टोरेजची यंत्रं सांभाळण्यात गेली, त्यामुळे माणूस जगाकडे डिग्रीतून बघतो. कोणत्याही विषयावर त्यांचं पहिलं वाक्य एकच, "आधी तापमान बोला." भाजी नासली, तापमान बोला. सून-सासूचं बिनसलं, तापमान बोला. एका लग्नात आम्ही सगळे जिलबीवर बोलत होतो, तेव्हा हे मठ्ठा किती डिग्रीला द्यायला हवा होता ते आचाऱ्याला समजावत होते.

त्यांच्या पत्नी सुलभाताई दीड वर्षापूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. नातू झाला, रांगला, चालायला लागला, आणि आता दुसऱ्याची चाहूल लागलीय. "सुलभाताई कधी येणार?" असं विचारलं की देवस्थळी म्हणतात, "तिकडे आज उणे अकरा."

आता माझं दुखणं सांगते. या इमारतीत मिरची म्हणजे मी. होते, असं म्हणायला हवं. माझ्या गॅलरीतली लवंगी मिरची सगळ्या जिन्यात प्रसिद्ध होती. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, पण एक वरणात पडली तर घरभर सुस्कारे. सुलभाताई तर ठेचा करायचा म्हटलं की वाटी घेऊन माझ्याच दारात. "नीला, तुझ्या हाताची मिरची निराळी गं," म्हणायच्या. मी वरवर "कसलं काय" म्हणायचे आणि आतून दिवसभर फुगून असायचे.

त्या गेल्या आणि माझ्या मिरचीलाही उतरती कळा लागली. पानं आकसली, वाटीसारखी वळली. बोकड्या रोग पडला. कडुनिंबाचं तेल झालं, आंबट ताक झालं, यूट्यूबवरचा एक गृहस्थ सांगतो ते सगळं झालं. झाड ढिम्म. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात देवस्थळींनी, ज्यांना आयुष्यभर मेथी कुठली आणि कोथिंबीर कुठली हे सुलभाताईंना विचारावं लागे त्या देवस्थळींनी, माझ्या दारात वाटीभर लवंगी आणून ठेवली. हिरवीगार, टणक, एकसारखी.

माझ्या नवऱ्याने, सुधीरने, जेवताना एक तोंडी लावली. डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम. म्हणाला, "याला म्हणतात मिरची!"

तीस वर्षं माझ्या मिरच्या खाल्ल्या या माणसाने. मी पण एक चावली. जीभ पेटली, कानातून वाफा निघाल्या. "हं, बरी आहे," म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. त्या दिवसापासून माझा डोळा देवस्थळींच्या दारावर. उगीच सोज्वळपणा दाखवत नाही, सरळ सांगते, जळफळाट झाला माझा.

बरं, हे मिरच्या लावतात कुठे तेच कळेना. गॅलरीत तर एक कुंडी नाही. बेडरूमची खिडकी आतून पुठ्ठ्याने बंद, फक्त वर वीतभर फट, आणि संध्याकाळ झाली की त्या फटीतून जांभळा उजेड. सोसायटीचा सेक्रेटरी मयूर, तरुण पोरगा, एकदा जिन्यात मला गाठून हळूच म्हणाला, "काकू, खालून कंप्लेंट आलेली. काका आत गांजा-बिंजा तर नाही ना लावत? मी व्हिडिओत बघितलेलं, सेम लाइट असते."

"छे रे, मिरच्या लावतात," मी म्हटलं.

"एसी लावून? काय पण, काकू!"

शेवटी मी स्वतःच जायचं ठरवलं. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात घुसायला विरजणासारखं निमित्त नाही. वाटी घेऊन गेले. "चमचाभर विरजण द्याल का?"

"दही?" देवस्थळी कानटोपी मागे सारत म्हणाले. "पाध्येबाई, सतरा डिग्रीत दही लागतं का कधी? दूध सकाळी जसंच्या तसं असतं."

निमित्त नासलं. पण आता आलेच होते, तर म्हटलं, "मग मिरच्या तरी दाखवा." माणूस इतका खूश झाला की त्याने मला स्वतःची शाल आणून दिली.

आत बघते तर थंडगार बेडरूम, जांभळे दिवे, आणि टेबलावर ओळीने कुंड्या. देवस्थळी एका बारीक ब्रशने एकेका फुलाला गुदगुल्या करत होते. ब्रश चित्रकाराचा, खास नौपाड्यातल्या दुकानातून आणलेला. "इथे मधमाशी येत नाही," म्हणाले. "तिला स्वेटर कोण देणार? मग ते काम माझ्याकडे." बी उगवायला मात्र ऊब लागते, म्हणून ओल्या कापसातलं बी त्यांनी वायफायच्या डब्यावर ठेवलं होतं. पाणी अगदी बेताचं. "तहानली की रागावते, रागावली की तिखट होते."

"बी कुठलं आणलंत?" मी शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं.

"तुमचंच. सुलभाने जाताना तुमच्या वाळवलेल्या मिरच्या नेल्या ना, त्यातल्या चार डब्यात राहिल्या होत्या."

म्हणजे मला हरवणारी मिरची माझीच! माझ्या घरी उन्हात बसून कण्हत होती आणि इथे थंडीत बहरली होती. मला त्या कुंड्यांसमोर अक्षरशः रडू आलं असतं. मी चिडून म्हटलं, "अहो, डोंबिवलीत ऊन फुकट मिळतं. पुठ्ठे लावून ते अडवायचं आणि वर दिवे लावायचे, हा कसला प्रकार?"

"तिला कुठे मिळतं ऊन?"

"मिरचीला?"

"सुलभाला."

मग ते बोलले, तेही ब्रश चालवता चालवता. मुलीच्या घरी सुलभाताईंची खोली बेसमेंटला आहे. गार. छताला लागून एवढीशी खिडकी. एकदा फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "एक मिरचीचं रोप जगत नाही हो इथे, तर माणूस काय जगणार," आणि रडल्या होत्या. "मला रडण्यावर काय करायचं ते येत नाही," देवस्थळी म्हणाले. "तापमानावर येतं. खोलीचं माप मागवून घेतलं, खिडकीचं मागवून घेतलं, आणि इथे तश्शी खोली केली. इथे जगेल ते तिथे जगेल." दिवा कुठला, तो किती उंचीवर टांगायचा, पाणी किती, सगळं आधी इथे करून बघायचं आणि मग तिकडे सांगायचं.

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर सुलभाताई, अंगावर दोन स्वेटर, आणि हातात कुंडी. कुंडीत चार मिरच्या लोंबत होत्या.

"अगं नीला! तू पण आहेस? बघ गं, तुझी लवंगी! कॅनडात आली!" त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "पण यांच्या हाताला जरा जास्तच तिखट येते हं," आणि माझं हसू तिथल्या तिथे गोठलं.

मागून मुलगी ओरडली, "बाबा, आई आता अजिबात कुरकुरत नाही! दुसरं बाळ मोठं होईपर्यंत राहते म्हणाली."

"शाब्बास," देवस्थळी म्हणाले. "पाणी कमी घाल."

फोन बंद झाल्यावर मला राहवलं नाही. "अहो, हे रोप मेलं असतं तर त्या कंटाळून परत आल्या असत्या."

"हो."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"तिसरं पान आलं तेव्हाच आलं होतं लक्षात."

"मग?"

"मग काय?" देवस्थळींनी ब्रश पुसला. "चौथं पान आलं."

मी शाल काढून घडी घातली. म्हटलं, निदान आता तरी तो एसी बंद करा, जमलं ना तुमचं. तर नको म्हणाले. इथे बसलं की तिला किती गार लागतं ते कळतं. परवाच इथे बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की तिला जाड पायमोजे हवेत. लगेच कुरियर केले.

घरी आले. सुधीर पंख्याखाली क्रिकेट बघत होता. मी समोर उभी राहिले. "सुधीर, मी दीड वर्ष कॅनडाला गेले तर तू काय करशील?"

त्याने खरंच विचार केला, नाही असं नाही. म्हणाला, "डबा लावीन." आणि थोडं थांबून, "स्टेशनजवळच्या त्या बाईंचा चांगला असतो म्हणे."

मिरचीवरून मी देवस्थळींवर जळत होते, ते एक वेळ सोसलं असतं. आता मी सुलभाताईंवर जळायला लागले, आणि त्यावर कडुनिंबाचं तेलही चालत नाही.

पाऊस सरत आला तेव्हा एके सकाळी देवस्थळी माझ्या दारात उभे राहिले. पायांकडे बघत म्हणाले, "पाध्येबाई, तुमच्या कढीपत्त्याचं एखादं पिल्लू मिळेल? तिकडे तिचा कढीपत्ता नीट येत नाही. आधी इथे करून बघतो."

"नाही देणार," मी म्हटलं. खरंच म्हटलं. "मिरची झाली, आता कढीपत्ता. उद्या अळू मागाल. तुम्ही त्यांचं सगळं तिकडे जमवून देणार आणि आम्ही इथे वाट बघत बसणार. मला माझी शेजारीण परत हवीय हो. तुम्हाला नको?"

मला वाटलं, आता तिकडचं तापमान सांगतील.

"ती राहणारच आहे हो," ते म्हणाले. "पोरं लहान आहेत. कढीपत्ता असो, नसो. मग निदान फोडणी तरी नीट होऊ दे तिची."

मी आत गेले. मोठ्या झाडाशेजारी उगवलेल्या पिल्लांतलं सगळ्यात तरतरीत निवडलं, मुळांना माती धरून उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं. ते त्यांच्या हातात देताना मला सुलभाताईंचा इतका हेवा वाटला, इतका वाटला, की मी देवस्थळींना चहालाही बसा म्हटलं नाही. फक्त म्हटलं, "आठवडाभर सावलीत ठेवा. आणि सुलभाताईंना सांगा, नीला रागावलीय."