नाकात वजन

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दुकानातून आणलेली वस्तू मी जशीच्या तशी वापरत नाही. ती सुधारतो! मिक्सरला मी स्वतः नवं बटण बसवलंय. तो आता झकास सुरू होतो. बंद करायला प्लग काढावा लागतो, पण ते चालायचंच.

"नशीब माझं," बायको म्हणते, "बायकोचे सुटे पार्ट बाजारात मिळत नाहीत!"

तर, माझे सासरे निवृत्त वैमानिक. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. तरुणपणी टपालाचं विमान उडवायचे. त्याच विमानाच्या छोट्या मॉडेलचा खोका, आत प्लास्टिकचे सुटे भाग, त्यांच्या कपाटावर वर्षानुवर्षं पडून होता. आता त्यांचे हात थरथरतात. रविवारी जुने दोस्त घरी यायचे होते, आणि त्यांच्यातल्या एका टकल्या कॅप्टनने "सोड रे, आता तुझ्याच्याने ते मॉडेल जोडणं होत नाही!" असं तोंडावर ऐकवलं होतं. ते सासऱ्यांना फार लागलं होतं. त्यांनी खोका माझ्या हातात ठेवला.

"जावईबापू, रविवारी हे टेबलावर तीन चाकांवर उभं पाहिजे. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. खोक्यात आहे तसंच करा, जास्त डोकं लावू नका."

मी आणि डोकं लावणार नाही? खोक्यातली वैमानिकाची खुर्ची म्हणजे नुसता चौकोनी ठोकळा! मी लगेच वेगळे पार्ट मागवले. रेझिनच्या कोरीव खुर्च्या, पितळी पत्र्याचे सीटबेल्ट, बोटाच्या पेरावर मावेल असं इंजिन, आणि इंजिनाचा वेग वाढवायचा इवलासा पितळी दांडा. सूचनांचा कागद मी उघडलासुद्धा नाही. कागद नवशिक्यांसाठी असतो!

गोंदाने खराब होऊ नये म्हणून बोटातली लग्नातली अंगठी काढून हाताशीच ठेवली. सासऱ्यांनीच घातलेली, चांगली जाडजूड. मग कामाला लागलो. खुर्ची आत जाईना. आतून पॉलिश पेपर मारला. तरी जाईना. आणखी मारला. शेवटी विमानाचं प्लास्टिक इतकं पातळ झालं की पलीकडून माझं बोट दिसायला लागलं. पण खुर्ची बसली! मग चिमट्यात तो पितळी दांडा धरला, श्वास रोखला, आणि... टिंग!

दांडा उडाला. तिळाएवढी वस्तू, आणि खाली ठिपक्याठिपक्यांची फरशी!

मी टॉर्च घेऊन रांगत असताना बायको आत आली. तिने माझं रिकामं बोट पाहिलं.

"अंगठी हरवलीस?"

आता खरं काय ते सांगायचं ना! पण मी विचार केला, तिळाएवढ्या दांड्यासाठी घरात कोण हलणार? अंगठीसाठी सगळे शोधतील. दांडा मिळाला की अंगठी मीच 'सापडली' म्हणून काढून दाखवीन. काय डोकं आहे बघा!

"हो गं," मी पडेल आवाजात म्हणालो.

घर कामाला लागलं! सासूबाई आल्या, गुडघे दुखत असताना सोफ्याखाली शिरल्या. सासऱ्यांनी पायपुसणी झटकली. खालच्या मजल्यावरचा सुतार लोहचुंबक घेऊन आला.

"अहो, सोनं चुंबकाला चिकटत नाही!" सासूबाई म्हणाल्या.

"चिकटलं तर कळेल ना खरं की खोटं," सुतार म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं.

बायकोने व्हॅक्यूम क्लीनर आणला.

"नको!" मी किंचाळलो. "आत ओढला जाईल!"

"अंगठी एवढी छोटी आहे का?"

दांडा काही मिळाला नाही. मी झाडूची काडी कापून त्या जागी चिकटवली. सगळं लक्ष त्या काडीवर ठेवून विमानाच्या दोन फाका एकमेकींना चिकटवल्या, वर काचेचं झाकण बसवलं, आणि आत डोकावून पाहिलं. काळोख! खुर्ची नाही, पट्टे नाहीत, काही म्हणजे काही दिसेना!

जाऊ दे. आता निदान अंगठी 'शोधू' म्हणून टेबलावर हात घातला. अंगठी नाही. खिशात नाही. डब्यांत नाही. कुठेच नाही! आता मी खराखुरा रांगायला लागलो, पण मदतीला कोणी येईना. सगळ्यांचं शोधून झालं होतं.

रविवारी दोस्त आले. विमान टेबलावर ऐटीत उभं, तिन्ही चाकं खाली! टकल्या कॅप्टनने वाकून तिन्ही चाकं तपासली.

"मानलं बुवा! माझं दरवेळी शेपटीवर बसतं. नाकात वजन घालायला विसरतो मी."

नाकात वजन? कसलं वजन?

सासऱ्यांनी अभिमानाने विमान उचललं. आतून आवाज आला. खुळखुळ!

"हे काय वाजतंय?"

"इंजिन!" मी म्हणालो. आणि त्याच क्षणी मला आठवलं. टेबलावरून घरंगळू नये म्हणून अंगठी मी विमानाच्या नाकाच्या पोकळीत ठेवली होती!

सासऱ्यांनी मला बाजूला बाल्कनीत नेलं आणि खिशातून एक पुडी काढली.

"नाकात घालायच्या शिशाच्या गोळ्या. तुम्ही मागाल म्हणून घेऊन फिरतोय. मग नाकात काय आहे?"

मी गुपचूप माझं रिकामं बोट दाखवलं.

"फोडतो बाबा, आत्ता फोडतो!"

"खबरदार! त्या टकल्यासमोर शेपटीवर बसवताय होय माझं विमान? कधीच फोडायचं नाही."

"आणि तुमच्या लेकीला काय सांगू?"

"शोधत राहा!"

म्हणून सासऱ्यांच्या अब्रूसाठी मी बायकोसमोर रोज सोफ्याखाली शिरतो. काल तर काय झालं, टॉर्चच्या उजेडात काहीतरी चमकलं. पितळी दांडा! मला आनंद आवरेना.

"सापडलं! सापडलं!"

बायको धावत आली. डोळ्यांत पाणी, हात पुढे. मी भाबडेपणाने दांडा तिच्या तळव्यावर ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी सगळं सांगून टाकलं.

तिने शांतपणे तळव्यावर फुंकर मारली. दांडा परत गेला कुठेतरी.

सध्या मी समोर सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये झोपतो, विमानाच्या शोकेसखाली. विमान मात्र वर काय रुबाबात उभं आहे!