हयात नाटककाराची गैरसोय

लंडनचे नाटककार इझिकेल टफनेल यांनी एका मंगळवारी सकाळी पाव-लोणी खाता खाता स्वतःच्या निधनाची बातमी वाचली. बातमीत त्यांच्या नावाचे हिज्जे बिनचूक होते. वर्तमानपत्रात असे प्रथमच घडले होते.

विग डोक्यावर चढवून ते तडक नाटकगृहात गेले. लाचखोर न्यायाधीशावरचे त्यांचे प्रहसन व्यवस्थापक पेलम यांनी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच प्रयोगाला गुंडाळले होते. आज त्याचीच जाहिरात दारावर झळकत होती, काळ्या चौकटीत.

"अहो, मी जिवंत आहे!"

"हळू बोला!" पेलम यांनी दार लावून घेतले. "आठवडाभराच्या सगळ्या जागा भरल्यात. आणि आत्ता हे काय काढलंत?"

"पण बातमी खोटी आहे!"

"असेल. लोकांचं दुःख खरं आहे ना? त्यांचा विचार करा जरा."

टफनेल यांनी संपादकांकडे खुलासा धाडला. उत्तर आले, की खुलाशावर मृताच्या निकटच्या नातलगाची सही लागेल. पत्नी डॉर्कस तेव्हा काळ्या झग्याचे माप देत होत्या.

"करते हो सही," त्या म्हणाल्या, "पण महिनाभर दम धरा. बावीस वर्षं तुमची बायको म्हणून वावरले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता सरदारीणबाई न्यायला बग्गी पाठवतात!"

महिना सरला, सही झाली नाही; स्मारक समिती मात्र स्थापन झाली. अध्यक्ष, न्यायाधीश सर क्रिस्पिन वॉर्बॉय, यांनी नाटक वाचले आणि ते गंभीर झाले.

"यातला न्यायाधीश लाच खातो? कैलासवासी टफनेल असं लिहिणार नाहीत. नकलनविसाची चूक असावी."

चूक दुरुस्त झाली. पुढच्या प्रयोगात न्यायाधीशाने लाच बाणेदारपणे नाकारली आणि सबंध नाटकगृह हुंदके देऊ लागले. टफनेल बाकावरून उठले.

"हे मी लिहिलेलं नाही! माझा न्यायाधीश चोर आहे!"

शेजारच्या गृहस्थाने डोळे पुसत त्यांची गचांडी धरली. "लाज नाही वाटत? गेलेल्या माणसाबद्दल असं बोलता?"

टफनेल यांना रस्त्यावर भिरकावण्यात आले.

पाच वर्षांनी ते खरोखर वारले. संपादकांनी ती बातमी परत पाठवली: पूर्वीच छापली आहे.

नाटक अजून चालते. न्यायाधीश अजून बाणेदार आहे. टफनेल यांचे मूळ नाटक आता कुणीच वाचत नाही. तुम्हीही वाचलेले नाही, तरी 'मोठा नाटककार होता बिचारा' असे आत्ता मनात येऊन गेलेच ना?