त्या नाकाचा शोध

सकाळपासून तिचं नाक हुळहुळत होतं, आणि नेमकी आजच घरात बैठक होती.

शिंक येणं ही काही बातमी नव्हे. ती नर्स होती. दवाखान्यात दिवसभर लोक तिच्या तोंडावर शिंकत. पण तिच्या स्वतःच्या घरात शिंक म्हणजे चोरी होती. लग्न झाल्यापासून ती नवऱ्यासमोर एकदाही मोकळी शिंकली नव्हती. शिंक आली की ती न्हाणीघरात पळायची, नळ सोडायची, टॉवेलात तोंड खुपसायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "पाणी बरं येतंय आज." नवऱ्याला वाटे, आपल्या बायकोला पाण्याची फार काळजी.

नवरा घड्याळजी होता. केसाएवढी तार चिमट्यानं उचलणारा, शांत. गिऱ्हाईक ओरडलं तरी त्याची भुवई हलायची नाही. पण तरुणपणी हाच माणूस 'गंजके खिळे' नावाच्या रॉक बँडमागं गावोगाव हिंडला होता, फलाटांवर झोपला होता, उपाशी नाचला होता. खिळ्यांचं एकही गाणं दोनदा सारखं वाजत नसे. म्हणून त्यांचे भक्त प्रत्येक कार्यक्रम टेप करायचे. शेवटच्या कार्यक्रमाची टेप मात्र एकट्या घड्याळजीकडे होती.

त्या टेपमध्ये शेवटचं गाणं ऐन भरात येतं आणि गिटारवाला एकदम थांबतो. मैदानभर माणसं श्वास धरतात. पान पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. आता असं काही वाजणार, जे जगात पुन्हा वाजणार नाही... आणि तेवढ्यात शिंका. एक नाही, तीन. पहिली जमिनीवर, दुसरी कौलांवर, तिसरी आभाळात जाऊन शिट्टी मारणारी. गिटारवाला खो खो हसला, गिटार खाली ठेवली आणि निघून गेला. खिळे पुन्हा कधीच वाजले नाहीत.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं नव्या बायकोला ही टेप ऐकवली आणि दातओठ खात म्हणाला, "ज्या नाकानं माझा बँड मोडला ना, ते नाक मरायच्या आधी मला एकदा बघायचंय."

ते नाक त्या वेळी त्याच्याच खांद्यावर टेकलं होतं. ते हळूच मागं सरकलं.

त्या दिवसापासून ती म्हणू लागली, "मला बाई त्या धडधडीतलं काही कळत नाही." तीसुद्धा नर्सिंगच्या वसतिगृहाची भिंत चढून खिळ्यांमागं हिंडली होती, हे तिनं गिळून टाकलं. कपडे वाळत घालताना मात्र स्वतःशीच गुणगुणायची:

हसू दाबीलं ओठांत, रडू दाबीलं पोटात,
शिंक दाबावी ग कुठं, नाक राहीना धाकात.

दुपारी मंडळी आली. एक बसचा ड्रायव्हर, कार्यक्रमांत घड्याळजीच्या शेजारी उभा राहणारा जुना दोस्त. आणि एक भूगोलाच्या मास्तरीणबाई, ज्यांना नद्यांपेक्षा खिळ्यांच्या कार्यक्रमांची गावं जास्त पाठ होती. आठवणींना ऊत आला. ती स्वयंपाकघरात चहा टाकत ऐकत होती.

"ड्रमवाल्याची काठी मोडली तो दिवस आठवतो?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "गड्यानं चमच्यानं वाजवलं पुढचं!"

"चमचा? अहो बाई, चमच्यानं काय वरण ढवळायचंय? पाना होता पाना, गाडीचा!"

"ड्रायव्हरला सगळीकडं पानाच दिसणार."

स्वयंपाकघरात तिनं जीभ चावली. चमचाही नव्हता आणि पानाही नव्हता. काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण बोलायची सोय नव्हती.

"बरं, गप्प बसा," ड्रायव्हर म्हणाला. "अरे घड्याळ्या, तुझी वस्तू आणलीय. डोळे मीट." आणि त्यानं पिशवीतून एक लोकरी मोजा काढला.

घड्याळजीचा आवाजच बदलला. "हा? मला वाटलं, हा मैदानातच हरवला!"

"माझ्या माळ्यावर होता. धुतला नाहीये हं. त्या दिवसाची धूळ आहे त्यात."

मास्तरीणबाईंनी मोजा कपाळाला लावला. घड्याळजीनं भिंतीवरची लांब काठी काढली. तिच्या टोकाला माइक बांधून तो गर्दीच्या डोक्यांवरून पुढं धरायचा, आणि वाऱ्याची खरखर येऊ नये म्हणून माइकवर हा मोजा. त्यानं मोजा माइकवर चढवला, दोन्ही बाजूंनी झटकला आणि टेप लावली. "अगं, चहा आण. पण आवाज करू नकोस. ती शांतता येतेय."

ती ट्रे घेऊन आली. दोन्ही हात गुंतलेले, ट्रेमध्ये भरलेले कप, आणि उन्हाच्या पट्ट्यात मोज्यातली जुनी धूळ सोन्यासारखी तरंगत थेट तिच्याकडे येत होती. तिनं श्वास धरला. ओठ आवळले. न्हाणीघराकडं नजर टाकली; वाटेत ड्रायव्हरचे पाय होते. टेपमधला गिटारवाला थांबला. मैदान थांबलं.

आणि ती शिंकली. एक जमिनीवर, दुसरी कौलांवर, तिसरी आभाळात.

पाठोपाठ टेपमधूनही त्याच तीन शिंका आल्या, जुळ्या बहिणींसारख्या.

मास्तरीणबाईंचं बिस्किट हातातच मोडलं. ड्रायव्हर अर्धवट उठला आणि तसाच राहिला. घड्याळजी बायकोकडं बघत होता, म्हणजे खरं तर तिच्या नाकाकडं.

"पाणी..." त्याच्या तोंडून शब्द सुटले, "पाणी बरं येतंय आज..."

"वहिनी," ड्रायव्हरला कंठ फुटला, "तुम्ही? बँड तुम्ही मोडलात?"

एवढी वर्षं ज्याची भीती धरली ते घडून गेलं, आणि मग तिला भीतीच उरली नाही. उरला तो नुसता संताप. तिनं ट्रे धाडकन टेबलावर ठेवला.

"मी मोडला? मी जीव मुठीत धरून ऐकत होते! मागून कुण्या गाढवानं नाकाला लोकरीचं काहीतरी घासलं, कुबट, केसाळ! हातानं बाजूला केलं तर पुन्हा आणून टेकवलं! तपकिरी होतं, वर पिवळा पट्..."

ती थांबली.

सगळ्यांनी मोज्याकडं पाहिलं. मोजा तपकिरी होता आणि त्याला पिवळा पट्टा होता. मग सगळ्यांनी काठीकडं पाहिलं, काठी धरलेल्या हाताकडं पाहिलं, आणि हळूहळू नजर वर नेली.

"अरे घड्याळ्या," ड्रायव्हर कुजबुजला, "मी म्हटलं होतं तुला, काठी वर धर. पुढच्या पोरीला लागतेय."

घड्याळजी मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे... मी? खिळे मी मोडले?"

"आणि ड्रमवाल्यानं वाजवलं ते चमच्यानं नाही न् पान्यानं नाही!" आता तिला थांबवणारं कुणी नव्हतं. "चपलेनं! चप्पल माझी होती! मी फेकली होती स्टेजवर! एका चपलेनं वसतिगृहात परतलेय मी!"

"अगंबाई!" मास्तरीणबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. मग सरकून तिला शेजारी जागा केली. "बसा. चहा राहू द्या. अगदी पहिल्यापासून सांगा."

घड्याळजी उठला. त्याचा चेहरा घड्याळ उलटं फिरावं तसा झाला होता. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि ते नाक त्यानं अगदी जवळून, दुकानातल्या भिंगातून बघावं तसं बघितलं.

"रोज बघत होतो की गं," तो म्हणाला. "सांगायचं नाहीस?"

"तुम्ही शोधत होता ना? म्हटलं, शोध..." तिचा आवाज अडकला. डोळे बारीक झाले. नाकपुड्या फुलल्या.

"थांब थांब! आलीच का?" घड्याळजी धावला. टेपमध्ये कोरी कॅसेट सरकवली, बटण दाबलं, काठी उचलली आणि जुन्या सवयीनं नेमकी तिच्या नाकाशी नेली. मोजा तसाच होता.

खोलीत पान पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता झाली. सगळ्यांनी श्वास धरला.